भरल्या पोटाचा उपास

उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलेली त्रिशला स्कूटर बाजूनं काढायच्या नादात होती, तेवढ्यात तिला ती पावलं दिसली. चेहरा नव्हे, पावलं. हायवेकडून शहरात येणाऱ्या रस्त्याच्या कडेनं चार-पाच पांढऱ्या साड्या अनवाणी चालल्या होत्या, हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, पुढं-मागं घोषणा देऊन दमलेली माणसं, सगळ्यांच्या शेवटी सामानाचा टेम्पो. त्या साड्यांमधल्या एकीचा डावा पाय पाऊल टाकताना जरासा बाहेर पडत होता, वाट सोडून दुसरीकडंच जायचं असल्यासारखा, आणि मग शहाण्यासारखा परत येत होता. त्रिशलानं ब्रेक दाबला. तिची स्कूटर थांबली, मागची रिक्षा थांबली, रिक्षामागची दुधाची गाडी थांबली, आणि असं झालं की कोल्हापुरात जे होतं ते झालं. "ओ ताई, रस्त्यात मधीच देव दिसला काय?" रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून विचारलं. एरवी तिनं त्याला सव्याज परत केलं असतं. आज ती नुसती हँडल धरून उभी राहिली, आणि ट्रॅक्टरमधून एक ऊस घसरून तिच्या चाकाशी पडला तोही तिला नंतर दिसला. पांढऱ्या साड्या वळणाआड गेल्या. पहाटेपासून चालत असणार, तिला वाटलं, आणि पोटात पाण्याचा थेंब नसणार.

त्या बाईचं नाव एके काळी राजमती होतं. हुपरीच्या घरात ती सगळ्यांची आक्का, त्रिशलापेक्षा सहा-सात वर्षांनी थोरली. आता ती अक्षोभमती माताजी, आणि त्या नावाच्या आर्यिकेला, जैन साध्वीला, बहीण नाही, भाऊ नाही, हुपरी नाही. दीक्षेच्या मांडवात तिचे केस मुठीमुठीनं उपटले गेले तेव्हा आई, म्हणजे अव्वा, रडली नाही, कारण पुण्याचं काम होतं. वडील, आण्णा, रडले नाहीत, कारण चार गावची माणसं बघत होती. धाकटा जिनेश रडला, पण त्याला भूक लागली होती. त्रिशला रडली नाही, कारण तिला राग आला होता. असा राग की घरी येऊन तिनं पायातली पैंजणं काढली आणि डब्यात टाकली. ती तिला आक्कानंच जोडून दिली होती, एकेक घुंगरू कानाशी वाजवून बघून. ज्या घरात दिवसरात्र पैंजणंच घडतात त्या घरच्या पोरीचे पाय मोकळे म्हणजे हलवायाच्या पोरानं गोड चालत नाही म्हणण्यासारखं. अव्वा बोलून बोलून थकली. पुढं ती गेली, आण्णाही गेले, जिनेशनं कोल्हापुरात गुजरीत चांदीचं दुकान काढलं, त्रिशलाचं लग्न करायचं राहून गेलं, आणि पाय मोकळे ते मोकळेच राहिले.

प्रयोगशाळेत पोचल्यावर तिनं हात धुतले, कोट चढवला आणि इनक्युबेटरचं दार उघडलं. उबदार ओल्या हवेत प्लास्टिकच्या बशांमधून पेशी वाढत होत्या, गुलाबी पाण्यात, डोळ्याला न दिसणाऱ्या. शहराबाहेरच्या या संस्थेत ती काय करते हे नातेवाइकांना कधी नीट सांगता आलं नव्हतं. "साखरेच्या रोगावर औषध" असं ती म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. खरं असं होतं की आपल्या प्रत्येक पेशीत एक विकर असतं, एन्झाइम म्हणतात ते. पेशीतलं इंधन कमी पडलं की ते जागं होतं, आणि जागं झालं की तंगीच्या दिवसांत घरातली करती बाई घेते तसं सगळं हातात घेतं. साठवणं बंद. आधी कोठीतलं काढा. चरबी जाळा, अडगळ मोडा, तिचंही सरपण करा. पण पेशी पोटभर जेवलेली असली की हेच विकर पेंगत पडलेलं असतं. त्रिशला आणि तिचे सहकारी त्याला भरल्या घरात उठवायच्या खटपटीत होते. त्याच्या दोन भागांच्या मधे एक खाच असते, जिथं त्याचं खरं काम चालतं तिथून लांब, कुणाचं लक्ष जाऊ नये अशी. त्या खाचेत नेमकं बसेल असं संयुग घडवायचं. बसलं की विकर उठतं, आणि आजूबाजूला खायला मुबलक असताना पेशीला वाटतं, दुष्काळ पडला. प्रमुख विजयसिंह सर याला भरल्या पोटाचा उपास म्हणत. "आपण लबाड माणसं, त्रिशला," ते म्हणायचे. "पेशीला थाप मारतो आणि ती बिचारी पथ्य पाळती."

कित्येक संयुगं आली आणि गेली. काही बसलीच नाहीत, काही बसली आणि पेशीच मेली. आणि कालच्या संध्याकाळी तपासणीच्या फिल्मवर नवीन संयुगाच्या रांगेत काळा पट्टा उमटला होता, ठसठशीत, काजळाचं बोट ओढल्यासारखा. विकर उठलं होतं. सरांनी सगळ्यांना मिसळ कबूल केली, पोरं एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालायला लागली. त्रिशला हसली, आणि त्या हसण्याच्या मधेच तिला कळलं की हे सांगायला आपल्याला कुणी नाही. म्हणजे माणसं पुष्कळ होती. पण ज्या माणसानं भूक म्हणजे काय हे पहिल्यांदा शिकवलं त्याला सांगितल्याशिवाय ही गोष्ट घडल्यासारखी वाटत नव्हती. ते माणूस कुठं चालत होतं तेही तिला कालपर्यंत ठाऊक नव्हतं.

अनंत चतुर्दशीचा उपास. त्रिशला तेव्हा लहान होती, दात पडलेल्या वयाची, आणि हट्टानं उपास धरून बसली होती, पाण्याशिवायचा, आक्कासारखा. दुपारपर्यंत मिरवण्यात गेली. मग पोटात काहीतरी वळवळायला लागलं आणि घरात कुणी नसलेल्या खोलीतून घागरीवरच्या ओगराळ्याचा आवाज तिला ऐकू यायला लागला. आक्कानं तिला उचलून माडीवर नेलं, जिथं पैंजणं जोडायचं काम चालायचं, आणि कामाच्या लांब बाकाखाली गार फरशीवर आपल्या शेजारी झोपवलं. "भूक लागली की तिच्याशी बोलायचं न्हाय," आक्का म्हणाली होती. "गप पडून ऱ्हायचं. ती आपली आपण जाती." फरशीवर चांदीचा कीस चमकत होता. आक्काच्या पोटातून गुरगुर ऐकू आली तशी त्रिशलानं तिच्याकडं पाहिलं. आक्का छताकडं बघत होती आणि तिच्या डाव्या पायाचा अंगठा वर उचललेला होता. हसू, रडू, तहान, काहीही दाबायचं असलं की तिचा तो अंगठा आपोआप उचलला जायचा. तोंडावर मात्र काही दिसायचं नाही. संध्याकाळी दिवस मावळताना आक्का तिच्यावर वाकून म्हणाली, झालं बघ, गेली का न्हाय? आणि तिच्या श्वासाला एक वास आला. पिकून काळ्या पडायला आलेल्या केळ्याचा, गोड आणि जरा झोंबणारा. तेव्हा त्रिशलाला वाटलं की देवाचा वास असाच असणार. पुढं पुस्तकात कळलं की उपाशी शरीर आपली चरबी जाळायला लागलं की रक्तात ॲसिटोन तयार होतं, ते श्वासातून बाहेर पडतं. वर्गातल्या सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. त्रिशलानं प्रयोगशाळेतल्या ॲसिटोनच्या बाटलीचं झाकण काढून वास घेतला, आणि तिला तिथल्या तिथं स्टुलावर बसावं लागलं. त्या दिवसापासून आजपर्यंत, बाटली जिथं असेल तिथं, कुणाचं लक्ष नसताना ती तसा वास घेत आली होती. दारुड्यासारखी, असं तिचं तिलाच वाटायचं. मधुमेहाच्या संशोधनाकडं कशा वळलात, असं कुणी विचारलं की ती आकडेवारी सांगायची.

दुपारी जिनेशच्या बायकोचा, प्राचीचा फोन आला. माताजी आपल्या कॉलनीमागच्या मंदिरात उतरल्या होत्या, उद्याचा आहार झाला की दुपारी लगेच बेळगावच्या वाटेनं निघणार होत्या, पुढं खाली कर्नाटकात, आणि परत या बाजूला येणं आता कुठलं? प्राचीनं चौका लावायचा ठरवला होता, म्हणजे आहाराचा सोवळ्यातला स्वयंपाक. विहिरीचं पाणी आणायला जिनेश गेलाही होता. वन्संनी आजच राहायला यावं. शेवटी जिनेशनं फोन घेतला आणि माताजी आल्यात एवढंच म्हणाला. माताजी हा शब्द तो जपून म्हणाला, हातातून पडेल की काय अशा बेतानं.

त्रिशला तिन्हीसांजेच्या आधी मंदिरात गेली. दर्शनाची ओळ होती. पाटावर बसलेल्या आक्काच्या डोक्यावर केसांचे पांढरे खुंट होते, हाडं वर आली होती, गळ्याशी चामडी सैल पडली होती. प्रत्येकाला ती पिंछी उचलून आशीर्वाद देत होती आणि त्रिशलालाही तिनं तसाच दिला, धर्मवृद्धी होवो, त्याच आवाजात, आधीच्या म्हाताऱ्याला आणि नंतरच्या पोरीला दिला तेवढाच. नजरेत ओळख नव्हती असं नाही. नजरेत सगळ्यांसाठी सारखीच ओळख होती, आणि त्यापेक्षा वाईट काही त्रिशलाच्या कल्पनेत नव्हतं. माणसानं विसरावं, रागवावं, तोंड फिरवावं. पण सगळ्यांइतकंच आपल्यावर प्रेम करावं हे तिला सोसवेना. तिला कालच्या काळ्या पट्ट्याचं सांगायचं होतं. तिला त्या हाडांच्या ओंजळीत एक घास ठेवायचा होता, एकच, आपल्या हातानं. आर्यिका पानावर जेवत नाहीत, दिवसातून एकदा ओंजळीत घेतात. घास ठेवणाऱ्याची बोटं त्या ओंजळीच्या अगदी जवळ जातात. वीस-बावीस वर्षांत तिला काही हवंसं वाटलं असेल तर तेवढं अंतर.

आणि ते होणार नव्हतं, हे तिला सकाळी स्कूटरवरच कळलं होतं. आहार देणाऱ्याला आधी मोठ्यानं सांगावं लागतं: मन शुद्ध आहे, वचन शुद्ध आहे, काया शुद्ध आहे, आहार-पाणी शुद्ध आहे. ते ऐकल्याशिवाय त्या घरात पाऊल टाकत नाहीत. त्रिशलाच्या पेशी ज्या गुलाबी पाण्यात वाढत त्यात सीरम घालावं लागे, आणि ते सीरम जन्माला न आलेल्या वासरांच्या रक्तातून काढलेलं असे, गाय कापल्यानंतर तिच्या पोटातून. त्याशिवाय पेशी जगत नाहीत. दुसरं काही घालून बघितलं होतं, मेल्या. पाणी गाळून प्यायच्या घरातली पोर. पहिल्या वर्षी ती रोज घरी जाऊन डोक्यावरून अंघोळ करायची, मग नुसते हात धुवायला लागली, मग तेही सगळे धुतात तेवढंच. त्या कामाची तिला लाज नव्हती, हेही खरं. उद्या त्यातून कुणाचा पाय कापायचं टळेल. पण लाज नसणं वेगळं आणि शुद्ध आहे म्हणणं वेगळं.

दिवस बुडायच्या आत जेवताना तिनं प्राचीला सांगितलं की मी उभी राहीन, पण लांब, हातात काही घेणार नाही. प्राचीला वाटलं, केमिकलचं काहीतरी असेल. म्हणाली, साबणानं खसाखसा धुवा की. मग त्रिशलानं वासरांचं सांगितलं. प्राची वाढता वाढता थांबली. बाई हिशेबी होती पण मनानं चांगली, भाकरीचा चतकोर तिच्या ताटात टाकून हळू आवाजात म्हणाली, "कुणाला ठावं हाय, वन्सं? तुमी नुसतं तोंड मिटून हुबं ऱ्हावा. म्हणायचं सगळं मी म्हणतो की."

सकाळी कॉलनीतल्या दारोदारी माणसं उभी राहिली, अंघोळ करून, सोवळ्यात, कुणाच्या हातात कलश, कुणाच्या हातात नारळ, एका घरी नवरा-बायको दोघं मिळून एकच कलश धरून. कारण साधू-साध्वी देवळातून निघताना मनात एक खूणगाठ बांधून निघतात: अमुक दिसलं तरच थांबायचं. ती गाठ कुणाला सांगत नाहीत. जुळली तर आहार, नाही जुळली तर त्या दिवशी पाणीसुद्धा नाही. लोक अंदाजानं वस्तू धरून उभे राहतात आणि परीक्षेचा पेपर फुटल्यासारखं एकमेकांना विचारतात, काल त्या गावात काय जुळलं होतं? त्रिशला फाटकाच्या आत, स्कूटरशेजारी, प्राचीनं दिलेली कोरी साडी नेसून रिकाम्या हातानं उभी होती. पुढं जिनेश आणि प्राची, दोघांच्या हातात कलश, त्यावर नारळ. तिला बायकांचे पाय दिसत होते. सगळ्यांच्या पायात पैंजणं, बरीचशी जिनेशच्याच दुकानातली.

आक्का आली. उजव्या हाताची बोटं खांद्यावर टेकवलेली. ती मुद्रा असेपर्यंत आहाराची आशा असते. नजर चार हातांपुढच्या जमिनीवर. दोन्ही बाजूंनी आवाज उठले, वंदामि माताजी, इथं थांबा, इथं थांबा. ती नारळांवरून गेली, नवरा-बायकोंवरून गेली. जिनेशचा आवाज फाटला तरी ती त्याच्यासमोरून गेली, नाही, जाताजाता हळू झाली, वळली, उघड्या फाटकाशी आली आणि उभी राहिली. त्रिशलाच्या समोर. डोळे खाली, त्रिशलाच्या पायांवर. त्या गल्लीतल्या बायकांत तेवढेच पाय मोकळे होते.

प्राचीनं पुढं होऊन सगळं म्हणून टाकलं, मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, धडाधड. आक्का हलली नाही. जिच्यासमोर थांबली होती तिनं म्हणायला हवं होतं. "ताई, म्हण," जिनेश दातांतून बोलला. त्रिशलाच्या तोंडून वंदामि आपोआप आलं, लहानपणी पाठ झालेलं. मन शुद्ध आहे, ती म्हणाली, आणि म्हणताना तिला ते खरं वाटलं. या क्षणी तिच्या मनात दुसरं काहीच नव्हतं. वचन शुद्ध आहे. पुढचा शब्द ओठापर्यंत आला. तो उच्चारला की ही हाडांची मूठ उघडणार, ओंजळ होणार, आपण घास ठेवणार, आणि तिला कधी कळणारही नाही. पेशीला कुठं कळतं? खाचेत बसलेलं खरं की खोटं, पेशी विचारत नाही. रोज आपण हेच करतो. काल चालून आलेली, आत चूल विझत आलेली आक्का, भाताची वाफ तिच्यापर्यंत येत असणार. आणि जगात एवढं एकच माणूस होतं ज्याला थाप मारून त्रिशलाला काहीही नको होतं.

"आक्का," ती म्हणाली. त्या नावानं हाक मारायची नसते. "माझं हात शुद्ध न्हाईत."

आक्काचा चेहरा होता तसाच राहिला, पापणीही उचलली नाही. पण त्रिशलाही आता खालीच बघत होती, आणि तिनं पाहिलं: फुटलेल्या टाचेच्या, धुळीनं माखलेल्या त्या डाव्या पायाचा अंगठा वर उचलला गेला. बराच वेळ तो तसाच राहिला. मग खांद्यावरची बोटं सुटली, हात खाली आला. आक्का वळली आणि आल्या वाटेनं देवळाकडं चालायला लागली, डावा पाय जरासा बाहेर टाकत.

पुढं जे व्हायचं ते झालं. शेजारची म्हातारी म्हणाली, असल्या बाईला दारात उभंच कशाला केलं? प्राची चुलीजवळ बसून रडली. जिनेशनं नारळ ओट्यावर ठेवला, सोवळ्याचं धोतर तसंच ठेवून पायरीवर बसला आणि म्हणाला, "एक शबुद खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? आता ती उपाशी चालणार." त्याच्या तोंडून ती असं आलं, माताजी नव्हे. त्रिशलाला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण ती तिथून निघाली, कारण दुसरं काही सुचेना.

प्रयोगशाळेत सरांनी कबूल केलेली मिसळ आली होती. तर्रीच्या वासानं दारातच तिच्या तोंडाला पाणी सुटलं आणि तिला शरीराची गंमत वाटली, एवढं सगळं होऊनही त्याचं आपलं चालूच. तिनं उपास आहे म्हणून सांगितलं. "आज कसला उपास?" सरांनी पाव मोडत विचारलं. बहिणीचा, ती म्हणाली, आणि सरांना वाटलं, असेल काहीतरी त्यांच्यात. तिनं पाणीही घेतलं नाही. पेशींचं गुलाबी पाणी बदललं, सीरम घातलं, नेहमीइतकंच, कारण त्यांचा यात काही दोष नव्हता. दुपार कलली. आता ते सगळे हायवेला लागले असतील, उसाच्या गाड्यांच्या कडेकडेनं. दिवस मावळायच्या आत कुठल्यातरी शाळेच्या वऱ्हांड्यात थांबतील, आणि उद्या पुन्हा कुठल्यातरी गावात माणसं नारळ घेऊन उभी राहतील. भूक आली, तिच्याशी त्रिशला बोलली नाही. थोडं डोकं दुखलं, हात गार पडले, मग सगळं हलकं झालं. आत कुठंतरी ते विकर उठलं असणार, कुणी न फसवता, खरोखरीच्या तंगीनं, तिच्यात आणि त्या रस्त्यावरच्या बाईत, एकाच वेळी. दीक्षेनं नाव पुसलं होतं, नातं पुसलं होतं. एवढं एक मांडवात कुणाला उपटून काढता आलं नव्हतं.

सगळे गेल्यावर ती खिडकीशी येऊन उभी राहिली. लांब हायवेवर ट्रॅक्टरची रांग लागली होती आणि सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकला होता. तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली, तोंडाशी धरली आणि श्वास सोडला. काही नाही. पुन्हा सोडला. आणि आला, अगदी पुसट, पिकल्या केळ्याचा, गोड, जरा झोंबणारा. ती मागं वळली, फळीवरची ॲसिटोनची बाटली पाहिली; झाकण घट्ट होतं. दुसरी पाहिली, तीही बंद होती. मग ती कामाच्या लांब टेबलाखाली गार फरशीवर जाऊन बसली आणि उजेड होता तोवर ती ओंजळ तिनं तोंडापासून काढली नाही.